स्वतंत्र इंग्रजी भाषावर्गाचे संचालन आणि अध्ययन-प्रेरणेचे सातत्य : गुरुकुंज मोझरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
ग्रामीण भागात स्वतःच्या बळावर इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालविणे हा पदवीधर तरुणांसाठी स्वयंरोजगाराचा एक मार्ग आहे. अशा वर्गासमोर व्यवसायाचे आणि प्रेरणेचे असे दोन स्वतंत्र प्रश्न असतात, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात हे दोन्ही प्रश्न मुळात एकच असल्याचे प्रतिपादन केले आहे. विद्यार्थी दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यात वर्गास येतो किंवा नाही, यावर वर्गाचे अर्थकारण आणि विद्यार्थ्याची भाषिक प्रगती दोन्ही अवलंबून असतात. मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालच्या संदर्भात मांडलेल्या ‘समर्पण मूल्या’च्या कल्पनेचा आधार घेऊन, अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीसारख्या गावात भाषावर्गाची आखणी कशी करता येईल, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भाषावर्ग, अध्ययन-प्रेरणा, समर्पण मूल्य, गळती, वऱ्हाडी बोली, स्वयंरोजगार.

१. प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने जून २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू केला. त्यापूर्वी हा विषय पाचवीपासून शिकविला जात असे. आज पदवी वर्गात बसलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून महाविद्यालयात आलेला असतो. तरीही वर्गात उभे राहून स्वतःचा परिचय चार वाक्यांत करून देण्याची वेळ आली की तो खाली पाहतो, हा अनुभव ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांस नवा नाही. ‘असर’ या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील २४.५ टक्के, तर आठवीतील ४६.७ टक्के मुलांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली. म्हणजे प्राथमिक शिक्षण संपताना निम्म्याहून अधिक मुले इंग्रजीचे साधे वाक्यही वाचू शकत नव्हती.

शाळेने सोडलेली ही जागा खाजगी वर्गांनी भरून काढली. त्याच अहवालानुसार देशात सशुल्क शिकवणीस जाणाऱ्या ग्रामीण मुलांचे प्रमाण २०१८ मधील २६.४ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. या वर्गांपैकी केवळ इंग्रजी संभाषण शिकविणारा, एकाच शिक्षकाने भाड्याच्या खोलीत चालविलेला लहान वर्ग हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो कोणत्याही मोठ्या संस्थेची शाखा नसतो. त्याच्या पाठीशी भांडवल नसते, नामांकित फलक नसतो. अशा वर्गाचे भवितव्य शिक्षकाच्या इंग्रजीपेक्षा विद्यार्थ्याच्या टिकण्यावर अधिक अवलंबून असते. या दृष्टीने त्याचा विचार होणे आवश्यक आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात इंग्रजी शिक्षणाचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या शिक्षकांची परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी नोकरी सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. सरकारी आश्रयाविना, शिक्षकांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही शाळा होती. ‘वाघिणीचे दूध’ हे इंग्रजीचे वर्णन चिपळूणकरांच्या नावानेच रूढ झाले आहे. घरबसल्या इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे, पुन्हा उलट करावे, ही तिची पद्धत आजही अनेक खाजगी वर्गांत टिकून आहे.

वऱ्हाडात इंग्रजी प्रथम आली ती कचेरी आणि न्यायालयाची भाषा म्हणून. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढील पिढ्यांत अमरावतीत इंग्रजी शिकलेल्या वकिलांचा वर्ग तयार झाला. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर ही त्यातील ठळक नावे होत. १८९७ चे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. १९२३ मध्ये शहरात किंग एडवर्ड महाविद्यालय, म्हणजेच पुढील काळातील विदर्भ महाविद्यालय, सुरू झाले. तथापि ही सर्व इंग्रजी शहराची होती. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलापर्यंत ती पोहोचली ती फार उशिरा, आणि तीही बहुधा परीक्षेचा एक विषय म्हणून.

३. परिसर आणि विद्यार्थी

गुरुकुंज मोझरी हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील, अमरावती–नागपूर महामार्गावरील गाव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी १९३५ मध्ये येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यामुळे आकाराने लहान असलेल्या या गावास महाराष्ट्रभर ओळख लाभली. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात येथे दूरदूरचे लोक येतात.

येथील भाषावर्गात साधारणतः पुढील गटांतील विद्यार्थी येऊ शकतात :

(अ) स्पर्धा परीक्षांची व नोकरीच्या मुलाखतींची तयारी करणारे पदवीधर. अमरावतीकडे जाणाऱ्या याच रस्त्यावर नांदगाव पेठ येथे औद्योगिक वसाहत असून तेथे वस्त्रोद्योगाचे कारखाने आहेत. मुलाखत, कार्यालयीन पत्र, संगणकावरील नोंद या निमित्ताने या गटास इंग्रजी लागते.
(आ) मराठी माध्यमातून शिकून विज्ञान, आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांस प्रवेश घेतलेले विद्यार्थी. त्यांना पाठ्यपुस्तकाची इंग्रजी समजून घ्यावयाची असते.
(इ) मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून शिकू इच्छिणाऱ्या गृहिणी.
(ई) दुकानदार, छोटे कंत्राटदार व शेतकरी. बँकेचा अर्ज, यंत्राची पुस्तिका, फवारणीच्या औषधाचा डबा यांवरील मजकूर त्यांच्या समोर रोज येतो.

या सर्वांना एकच अभ्यासक्रम देणे ही लहान वर्गाची पहिली अडचण असते. दुसरी अडचण हंगामाची आहे. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची काढणी असते आणि पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते. संत्र्याच्या बागांचे आपले स्वतंत्र वेळापत्रक असते. या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. घरात पैसा येतो तोही याच सुमारास. जून महिन्यात शुल्काची संपूर्ण रक्कम मागणारा आणि ऑक्टोबरमध्ये रोजच्या हजेरीचा आग्रह धरणारा वर्ग गावाच्या जगण्याच्या उलट चालतो.

४. प्रेरणेचे स्वरूप

भाषा-अध्ययनाच्या प्रेरणेचा पद्धतशीर विचार कॅनडातील रॉबर्ट गार्डनर व वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९ पासून केला. नोकरी, परीक्षा अशा लाभासाठी भाषा शिकणे ही साधनात्मक प्रेरणा, तर त्या भाषेच्या लोकांत मिसळण्याच्या इच्छेने शिकणे ही एकात्म होण्याची प्रेरणा, असे दोन प्रकार त्यांनी मानले. मोझरीच्या विद्यार्थ्यास ही विभागणी जशीच्या तशी लागू पडत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लोक त्याच्या भोवती नाहीत. त्याला इंग्रज समाजात मिसळावयाचे नसून अमरावती, नागपूर, पुणे येथील सुशिक्षित भारतीयांत ताठ मानेने उभे राहावयाचे आहे.

झोल्तान डॉर्न्येई यांनी २००५ मध्ये मांडलेली उपपत्ती या परिस्थितीस अधिक जवळची आहे. तीत तीन घटक येतात : इंग्रजी येत असलेली आपली स्वतःची भावी प्रतिमा, इतरांच्या अपेक्षांतून लादली गेलेली प्रतिमा, आणि प्रत्यक्ष वर्गातील अनुभव. पहिली प्रतिमा जितकी स्पष्ट व शक्य कोटीतील, तितका तिचा जोर अधिक. पडद्यावरील नट किंवा परदेशस्थ अधिकारी ही प्रतिमा दूरची ठरते. जिल्ह्यातीलच पापळ या खेड्यात १८९८ मध्ये जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये उच्च शिक्षण घेतात, वैदिक वाङ्मयातील धर्मावर इंग्रजीत प्रबंध लिहितात आणि परत येऊन अमरावतीत शिक्षणसंस्था उभारतात, हे उदाहरण त्यामानाने जवळचे आहे. त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे मागील वर्षी याच वर्गातून शिकून गेलेला, शेजारच्या गल्लीतील विद्यार्थी. कुशल शिक्षक अशा माजी विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा वर्गात बोलावितो.

दुसरी प्रतिमा, म्हणजे इतरांच्या अपेक्षांची, ही दुधारी असते. अनेक जाहिराती तिच्यावरच उभ्या असतात. इंग्रजी नाही तर भविष्य नाही, हा त्यांचा आशय असतो. या भीतीने पहिल्या दिवशी प्रवेश मिळतात. परंतु भीती रोज संध्याकाळी माणसाला वर्गापर्यंत चालवत आणू शकत नाही. मोझरीसारख्या गावात तर हा दावा तर्कदृष्ट्याही टिकणारा नाही. औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेपुरते मर्यादित असलेल्या तुकडोजी महाराजांनी मराठी व हिंदीत विपुल रचना केली, ग्रामजीवनाचा विचार मांडणारी ग्रामगीता सिद्ध केली आणि १९५५ मध्ये जपानमधील जागतिक धर्म परिषदेसही ते उपस्थित राहिले. त्यांच्या गावातील विद्यार्थ्यास, इंग्रजी न येणारा मनुष्य अपुरा असतो, असे सांगणे विसंगत ठरेल. इंग्रजी हे उपयुक्त साधन आहे, आणि साधन म्हणूनच ते शिकता येते. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मातृभाषेचा अभिमान आणि इंग्रजीचा व्यवहार यांत निवड करण्याची सक्ती विद्यार्थ्यावर नसावी.

५. ‘समर्पण मूल्या’ची कल्पना

ढाका येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणारे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. बंगालच्या शाळांत इंग्रजी घेणाऱ्या मुलांपैकी फार मोठा भाग अभ्यासक्रम पूर्ण होण्यापूर्वीच शाळा सोडतो, हे त्यांच्या लक्षात आले. अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्या थोड्या मुलांना समोर ठेवून आखलेला असे. मधूनच गेलेल्या मुलाच्या पदरी काय पडले, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. तो प्रश्न विचारण्यासाठी वेस्ट यांनी विमा व्यवसायातील ‘समर्पण मूल्य’ ही संज्ञा उसनी घेतली. मुदतीपूर्वी विमा मोडल्यास हाती जी रक्कम येते ते तिचे समर्पण मूल्य. त्याच न्यायाने, विद्यार्थ्याने कोणत्याही टप्प्यावर शिक्षण सोडले तरी तोवर शिकलेल्याचा त्याला जो उपयोग होतो, ते त्या शिक्षणाचे समर्पण मूल्य होय. वाचनाचे समर्पण मूल्य सर्वाधिक असल्याचे मानून वेस्ट यांनी वाचनावर भर दिला. मर्यादित शब्दसंख्येतील वाचनमाला तयार करणे व नित्योपयोगी सुमारे २,००० शब्दांची सूची संपादित करणे (१९५३) हे त्यांचे पुढील काम याच विचारातून आले.

शंभर वर्षे होत आलेली ही कल्पना आजच्या ग्रामीण भाषावर्गास तंतोतंत लागू पडते. ज्या वर्गात पहिला महिना केवळ काळांची कोष्टके पाठ करण्यात जातो, त्याचे पहिल्या महिन्याचे समर्पण मूल्य जवळजवळ शून्य असते. कापूस वेचणीसाठी महिनाभर घरी राहिलेला विद्यार्थी परत येताना, आपल्याला तेव्हाही काही आले नव्हते, हीच आठवण घेऊन येतो. किंबहुना तो परत येतच नाही. याउलट पहिल्या महिन्यात तो स्वतःचा परिचय करून देणे, दूरध्वनीवर निरोप घेणे व औषधाच्या डब्यावरील सूचना वाचणे शिकला असेल, तर मध्ये खंड पडला तरी ही कमाई त्याच्यापाशी राहते. हाती काही पडले आहे हा अनुभवच त्याला पुन्हा वर्गाकडे वळवितो. समर्पण मूल्य वाढविले की समर्पण करणाऱ्यांची संख्या घटते, असे येथे म्हणता येईल.

६. वर्गाचे अर्थकारण

हा मुद्दा आकड्यांत मांडणे उपयुक्त ठरेल. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एका शिक्षकाच्या दोन तुकड्या, प्रत्येकी १५ विद्यार्थी, मासिक शुल्क ६०० रुपये, असे मानू. पहिल्या महिन्याची जमा १८,००० रुपये. खोलीभाडे, वीज, छपाई, दूरध्वनी व जाहिरात मिळून खर्च ६,००० रुपये. शिक्षकाच्या हाती १२,००० रुपये उरतात.

आता दरमहा एक तृतीयांश विद्यार्थी गळतात असे धरल्यास विद्यार्थीसंख्या ३०, २०, १३ अशी उतरते. खर्च तेवढाच राहतो. शिक्षकाची शिल्लक अनुक्रमे १२,०००, ६,००० व १,८०० रुपये, म्हणजे तीन महिन्यांत एकूण १९,८०० रुपये होते. गळती दहा टक्क्यांवर रोखली तर संख्या ३०, २७, २४ राहते आणि शिल्लक १२,०००, १०,२०० व ८,४०० रुपये, म्हणजे एकूण ३०,६०० रुपये होते. शिक्षक तोच, खोली तीच. फरक १०,८०० रुपयांचा. चौथ्या महिन्यात पहिला वर्ग बहुधा बंद करावा लागतो.

शहरात गळालेल्या विद्यार्थ्यांची जागा जाहिरातीने भरता येते. लहान गावात विद्यार्थ्यांचा साठाच मर्यादित असतो. सोडून गेलेला विद्यार्थी आपले मत पानठेल्यावर, बसथांब्यावर बोलून दाखवितो. म्हणून ग्रामीण शिक्षकाने जाहिरातीवरील खर्चापेक्षा दोन दिवस न आलेल्या विद्यार्थ्याच्या घरी निरोप पाठविणे अधिक फायद्याचे ठरते. शुल्कही मासिक असावे, हंगामात पुढे ढकलण्याची मुभा असावी आणि खंड पडलेल्या विद्यार्थ्यास पुन्हा प्रवेशशुल्क न घेता सामावून घ्यावे.

खोट्या आश्वासनाचा हिशेबही याच ठिकाणी तपासावा लागतो. ‘तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी’ ही जाहिरात सर्वत्र दिसते. रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, या गतीने महिन्याला सुमारे २० व तीन महिन्यांत ६० तास होतात. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाने दिलेल्या स्थूल अंदाजानुसार आरंभापासून प्राथमिक व्यवहारापुरत्या पातळीस (ए-२) पोहोचण्यासाठी सुमारे १८० ते २०० आणि स्वतंत्रपणे व्यवहार करण्याच्या पातळीस (बी-१) ३५० ते ४०० तासांचे मार्गदर्शित अध्यापन लागते. शाळेतील बारा वर्षांचे संस्कार जमेस धरले तरी ६० तासांत अस्खलितपणा येणे संभवत नाही. असे आश्वासन मिळालेला विद्यार्थी तीन महिन्यांनी स्वतःलाच दोषी ठरवितो : इतरांना आली, मला आली नाही. त्याची प्रेरणा जाहिरातीनेच मारलेली असते.

७. महिनावार आखणी

समर्पण मूल्याच्या तत्त्वानुसार प्रत्येक महिना स्वयंपूर्ण असावा. एक संभाव्य आखणी अशी :

पहिला महिना – स्वतःचा, घराचा, गावाचा परिचय, दूरध्वनीवरील संभाषण, अंक, तारखा, वेळ. वाचनासाठी फलक, अर्ज व वेष्टनांवरील मजकूर. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. त्याच्या शेजारील इंग्रजी इशारा वाचता येणे ही शेतकरी कुटुंबाची प्रत्यक्ष गरज आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, याचे स्मरण या पाठाचे महत्त्व पटवून देण्यास पुरेसे आहे.

दुसरा महिना – घडून गेलेली गोष्ट सांगणे, रुग्णालय, बँक व प्रवासातील संवाद, अर्धे पान पत्र. येथे भूतकाळाची रूपे गरजेपोटी येतात, कोष्टक म्हणून येत नाहीत.

तिसरा महिना – मत मांडणे, कारण देणे, मुलाखत. आश्रमास भेट देणाऱ्या परप्रांतीय पाहुण्यास गावाची व आश्रमाची माहिती इंग्रजीत पाच मिनिटे सांगणे, हे या महिन्याचे अखेरचे कार्य असू शकते. विषय विद्यार्थ्याच्या पूर्ण ओळखीचा असल्याने त्याला केवळ भाषेचाच भार वाहावा लागतो.

प्रत्येक विद्यार्थ्याचे पहिल्या दिवशी दोन मिनिटांचे बोलणे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे व दर महिन्याच्या शेवटी तेच पुन्हा करावे. भाषेतील प्रगती इतकी हळू होते की ती शिकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दोन मुद्रणे लागोपाठ ऐकली की ती कानांना कळते. परीक्षेतील गुणांपेक्षा हा पुरावा अधिक बोलका असतो.

८. वऱ्हाडी बोलीचा उपयोग

वऱ्हाडातील विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गात येतो तेव्हा त्याला भाषेवरून एकदा टोकलेले असते. डोळ्यास ‘डोया’ आणि पाण्यास ‘पानी’ म्हटल्याबद्दल शाळेत किंवा शहरात त्याचे हसे झालेले असते. इंग्रजीच्या वर्गात त्याला वाटणारी लाज ही अशी दुहेरी असते. शिक्षकाने बोलीची टिंगल केली, तर विद्यार्थी दोन्ही भाषांत गप्प होतो.

वस्तुतः काही बाबतींत वऱ्हाडी ही इंग्रजीकडे जाण्याची शिडी ठरते. ‘मी अभ्यास करून रायलो’ या रचनेत चालू असलेली क्रिया स्पष्टपणे वेगळी दाखविली जाते. ‘आय ॲम स्टडीइंग’ समजावण्यास ती थेट उपयोगी पडते. मात्र ‘मले समजून रायलं’ या सवयीमुळे विद्यार्थी ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ असेही म्हणतो, हे शिक्षकाने आधीच ओळखून ठेवावे. प्रमाण मराठीत ‘तो म्हणतो, ती म्हणते’ असा लिंगभेद क्रियापदात येतो. वऱ्हाडीत पुरुषासाठीही ‘तो म्हणते’ असे रूप ऐकू येते. ‘ही सेज, शी सेज’ येथे क्रियापद का बदलत नाही, हे अशा विद्यार्थ्यास फारसे समजवावे लागत नाही.

अडचणीची स्थळेही निश्चित आहेत. ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘माझ्या अंगात ताप आहे’ या तीन वेगळ्या रचनांसाठी इंग्रजीत एकच ‘हॅव’ येते. मराठीतील एका ‘व’साठी इंग्रजीत दोन ध्वनी आहेत, ‘व्हेस्ट’ व ‘वेस्ट’ यांतील फरक कानांना सवयीने कळतो. ‘शिप’ व ‘शीप’ यांत स्वराची लांबी व गुण दोन्ही बदलतात. या मोजक्या स्थळांवर रोज पाच मिनिटे दिल्यास उच्चाराचे वेगळे प्रकरण करावे लागत नाही.

९. चूक, संकोच आणि समूह

एलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातील चिंतेचा अभ्यास करून तिच्या मापनाची श्रेणी तयार केली. सर्वांसमोर बोलण्याची भीती, परीक्षेची भीती आणि इतर आपल्याला काय म्हणतील याची भीती, हे तिचे मुख्य घटक. लहान गावात तिसरा घटक सर्वांत प्रबळ असतो, कारण वर्गातील श्रोते आणि गावातील शेजारी एकच असतात. सासू व सून, काका व पुतण्या एकाच तुकडीत असण्याचीही शक्यता असते. अशा वेळी तुकड्यांची विभागणी पातळीइतकीच नात्यागोत्यांकडे पाहूनही करावी लागते.

या बाबतीत गुरुकुंजाच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा शैक्षणिक दृष्ट्याही लक्षणीय आहे. ठरलेली वेळ, सर्वांचा एकत्र स्वर आणि कोणा एकाला वेगळे काढून न तपासणे, ही तिची वैशिष्ट्ये. ज्याचा स्वर चुकतो त्याला समूह सांभाळून घेतो आणि तो हळूहळू शिकतो. भाषावर्गातही प्रथम सर्वांनी मिळून, नंतर जोडीने आणि अखेरीस एकट्याने, हा क्रम ठेवल्यास संकोच कमी होतो. अर्थ पोहोचला असेल तर बोलणाऱ्यास मध्येच अडवू नये. चुका लिहून ठेवाव्यात आणि शेवटी नाव न घेता त्यांतील दोन-तीन सर्वांना समजवाव्यात.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या आत्मनिर्धारण सिद्धान्तानुसार (१९८५) आंतरिक प्रेरणेस तीन गोष्टी लागतात : आपण निवड केली आहे ही भावना, आपल्याला जमते ही भावना आणि आपली माणसे सोबत आहेत ही भावना. महिन्याच्या कार्यांतून एक तरी कार्य विद्यार्थ्याने स्वतः निवडणे, ध्वनिमुद्रणातून प्रगती ऐकणे आणि समूहात बोलणे, या तीन उपायांनी त्या अनुक्रमे साधतात. त्यासाठी अधिक खर्च करावा लागत नाही.

१०. नियम व व्यावसायिक जबाबदारी

स्वतंत्र वर्ग सुरू करणाऱ्याने काही बाबींची माहिती घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ अन्वये कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनेस नोंदणीऐवजी व्यवसायाची सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः बंधनकारक ठरते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी असलेल्या या सूचनांत शिक्षक किमान पदवीधर असणे, दिशाभूल करणारी आश्वासने न देणे व मध्येच सोडणाऱ्यास उर्वरित काळाचे शुल्क परत करणे यांचा समावेश आहे. लहान वर्ग या कक्षेबाहेर असला तरी शुल्क परत करण्याचे तत्त्व त्याने आपणहून स्वीकारावे. गावात तीच त्याची सर्वांत स्वस्त जाहिरात ठरेल.

शाळेतील शिक्षकांस शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम २८ नुसार खाजगी शिकवणीस मनाई आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील आचारसंहितेतही, कर्तव्यात बाधा आणणाऱ्या शिकवण्यांपासून अध्यापकांनी दूर राहावे असे नमूद आहे. म्हणून हे क्षेत्र खऱ्या अर्थाने बेरोजगार पदवीधरांचे आहे.

११. महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका

अध्यापकांनी स्वतः वर्ग चालविणे अपेक्षित नसले तरी त्यांचे साहाय्य मोलाचे ठरू शकते. इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविलेल्या माजी विद्यार्थ्यांस पाठ-आखणीचे मार्गदर्शन करणे, ग्रंथालयातील सोप्या वाचनमाला त्यांच्यासाठी खुल्या करणे, वाणिज्य विभागाकडून हिशेब ठेवण्याचे प्राथमिक शिक्षण देणे आणि मराठी विभागाच्या मदतीने वऱ्हाडी–इंग्रजी तुलनेची छोटी टिपणे तयार करणे, ही कामे उपलब्ध साधनांत होण्यासारखी आहेत. बहुविद्याशाखीय सहकार्याचे हे एक व्यवहार्य क्षेत्र होय. वर्गात किती आले याबरोबरच किती टिकले व कोणत्या आठवड्यात गेले, याची नोंद ठेवण्याची सवय या तरुणांस लावली, तर पुढील अभ्यासासाठी विश्वसनीय सामग्रीही उपलब्ध होईल.

१२. निष्कर्ष

(१) ग्रामीण स्वतंत्र भाषावर्गाचा व्यावसायिक प्रश्न हा मुख्यतः गळतीचा प्रश्न आहे आणि गळतीचा प्रश्न हा प्रेरणेचा प्रश्न आहे.
(२) लाज व भीती यांवर आधारलेली प्रेरणा प्रवेश मिळवून देते, सातत्य देत नाही.
(३) प्रत्येक महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती उपयोगाचे काही पडले पाहिजे. वेस्ट यांची समर्पण मूल्याची कल्पना ग्रामीण भाषावर्गाच्या आखणीचा पाया होऊ शकते.
(४) शुल्क, वेळ व सुट्ट्या यांची आखणी शेतीच्या हंगामाशी जुळती असावी.
(५) वऱ्हाडी बोली हे अध्यापनाचे साधन आहे. तिचा अव्हेर केल्यास विद्यार्थ्याचा आत्मविश्वास प्रथम जातो.

सोयाबीनच्या काढणीसाठी महिनाभर घरी राहिलेली मुलगी काढणी आटोपल्यावर पुन्हा वर्गाच्या दारात येते किंवा नाही, यावरून त्या वर्गाची पारख करावी. ती आली, तर शिक्षकाचे शिकविणे आणि त्याचा व्यवसाय दोन्ही योग्य मार्गावर आहेत असे समजण्यास हरकत नाही.